कळमनुरीच्या बाजारात बुडवलेलं चाक

हिंगोली जिल्ह्यात मी पाच दिवस सायकल चालवली. परत आल्यावर लोक विचारतात, काय काय पाहिलंत? मी औंढ्याच्या देवळाबद्दल बोलतो, हळद शिजवायच्या कढयांबद्दल बोलतो, साखरा गावातल्या भाकरीबद्दल बोलतो. कळमनुरीत काय झालं ते सांगत नाही. इथे मात्र सांगणार आहे. ते टाळून बाकीचं लिहिलं तर ते खोटं होईल.

माझं संगमनेरला नळ, पाइप आणि तोट्यांचं दुकान आहे. अठराव्या वर्षी दुसऱ्याच्या हाताखाली पाइपांना आटे पाडत होतो, आज माझ्या हाताखाली सात माणसं आहेत. समोरच्यानं सांगितलेल्या भावात मी आजवर काही घेतलेलं नाही. आणि राग माझ्या नाकावर असतो, हे घरचे सांगतात ते खरं आहे.

डॉक्टरांनी व्यायाम सांगितला म्हणून पन्नाशीनंतर सायकल घेतली, डोंगरात चालणारी, जाड टायरांची. मग सायकलवाल्या मित्रांच्या नादी लागून ते टायर बदलले आणि पुण्याच्या एका दुकानातून वजनाला हलके, ट्यूबलेस टायर आणले. यात ट्यूब नसते. टायर रिमला घट्ट बसतो, हवा त्याच्याच पोटात राहते. आत रुईच्या चिकासारखं पांढरं औषध ओततात, ते बारीक भोकं बुजवतं. दुकानदार म्हणाला, ''हलका टायर आहे, काका. चाकाला एक अख्खी बाटली लागेल.'' मला वाटलं, बाटल्या खपवतोय. एकच बाटली घेतली, तीही फुकटात पाडून घेतली आणि दोन्ही चाकांत अर्धी अर्धी ओतली.

रोज सकाळी दोन्ही चाकं बसलेली. मी त्याला फोनवर काय काय बोललो ते लिहीत नाही. तो ''औषध वाढवा, चाक आडवं ठेवा'' असं काहीतरी सांगत राहिला आणि मी फोन आपटत राहिलो. शेवटी भांडून त्याच्याकडून एक नवा टायर आणि एक बाटली उकळली. ती दोन्ही मी फोडली नाहीत. उद्या भांडण वाढलं तर पुरावा हवा, म्हणून तशीच सीलबंद ठेवली. हिंगोलीला उतरलो तेव्हा ती माझ्या पिशवीत होती, आणि डोक्यात एकच गोष्ट होती, की टायरच्या धंद्यातला माणूस चोर असतो.

कळमनुरी

हिंगोलीत सकाळी सुशीला खाल्ली. नाव ऐकून मला हसू आलं होतं. चुरमुरे भिजवून, फोडणीला टाकून, वर शेंगदाण्याचा कूट. आमच्याकडे सकाळी पोहे किंवा मिसळ. मिसळ खाऊन माणूस तासभर भांडायला तयार होतो, सुशीला खाऊन शांत बसतो. त्या दिवशी तिचा माझ्यावर काही परिणाम झाला नाही.

कळमनुरीच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना काळी जमीन, हरभरा घाट्यांवर आलेला, मधूनमधून तुरीची कापलेली खुंटं. थंडी छान होती. पण दर अर्ध्या तासानं मागचं चाक मऊ पडत होतं आणि मी उतरून पंप मारत होतो. गावात शिरलो तेव्हा आठवडी बाजार भरलेला होता. बाजाराच्या तोंडाशीच पत्र्याच्या शेडमध्ये पंक्चरचं दुकान दिसलं. बाहेर अर्धा कापलेला पिंप पाण्यानं भरलेला, आत हवेची मशीन. साठीचा, पांढऱ्या दाढीचा माणूस मोटरसायकलची ट्यूब घासत बसला होता. त्याला सगळे इसाकभाई म्हणत होते.

त्यानं चाक हातात घेऊन उचलून पाहिलं. ''लई हलकं हाय,'' म्हणाला. मग पिंपाकडे बोट केलं. ''या साहेब. पान्यात घालतो. बुडबुडा दिसला की आधी तुमी बोट ठिवा, मंग मी हात लावतो.''

''मी का बोट ठेवू? काम तुझं आहे.''

''रिवाज हाय आमचा, अब्बापासून. लोकाला वाटते, पंक्चरवाला गुपचूप खिळा टोचते अन् दोन भोकाचे पैसे घेते. म्हनून भोक गिऱ्हाइकानं दाखवायचं. एकदा तुमचं बोट लागलं की मंग बराबर.''

वयानं तो माझ्याहून मोठा होता आणि मी त्याला अरे-तुरे करत होतो. त्याच्या ते लक्षात आलं असेल, माझ्या आलं नाही. मी म्हणालो, ''मला नाटकं नकोत. मला पुढे जायचंय. मी बाजार फिरून येतो, तोवर करून ठेव.''

''तकलीफ न्हाई. मी थांबतो.''

''थांबू नकोस! आल्यावर चाक तयार पाहिजे.''

बाजारात बोरांच्या ढिगामागे एक म्हातारी बसली होती. मी भाव विचारला आणि सवयीनं निम्मा करून मागितला. आमच्याकडे विकणाराही ते धरूनच दुप्पट सांगतो. ती म्हणाली, ''येकच भाव हाय, बापा. दोन भाव ठिवले की कोनाला कोनता सांगितला ते ध्यानात ऱ्हात न्हाई.'' मी बोरं न घेताच पुढे गेलो. वाटलं, हिला धंदा कळत नाही.

परत आलो तर माझं चाक पिंपात होतं. इसाकभाई ते दोन्ही हातांनी पाण्याखाली धरून हळूहळू फिरवत होता, आणि टायरच्या दोन्ही कडांतून बारीक बारीक बुडबुडे निघत होते. एक नाही, दोन नाही, सोड्याची बाटली उघडल्यावर निघतात तसे. पलीकडे फळीवर त्याच्या आऱ्या आणि दाभणं ओळीनं मांडलेली होती.

मला जे दिसायचं होतं तेच मला दिसलं.

''एक भोक घेऊन आलो होतो मी,'' मी ओरडलो, ''ही चाळीस कुठून आली?''

''तेच पाहून राह्यलो, साहेब. हे भोक न्हाईत वाटत. टायरच...''

''दाभणानं टोचलीस तू! मी पाठ फिरवायची वाटच बघत होतास. तुम्ही लोक असेच!''

तुम्ही लोक म्हणजे पंक्चरवाले, असं मी नंतर स्वतःला बजावलं. त्या क्षणी माझ्या मनात नेमकं काय होतं ते मला ठाऊक आहे, त्यालाही कळलं, आणि भोवती उभ्या असलेल्यांनाही कळलं. तोवर बरीच माणसं जमली होती. मी दुकानाच्या पायरीवर चढून त्यांना सांगितलं की या माणसाकडे टायर देऊ नका, हा समोरून गोड बोलतो आणि मागून भोकं पाडतो. दुकानात असा आवाज लावला की माझी माणसं पळायला लागतात. इथे कोणी पळालं नाही, सगळे ऐकत राहिले.

शेजारी चहाची टपरी होती. ती चालवणाऱ्या गंगाबाई कपबशी हातात घेऊनच बाहेर आल्या. ''काहून वरडून राह्यले, भाऊ? त्यानं म्हटलं व्हतं न बोट ठिवा म्हनून? तुमीच त बोरं खायला गेले!''

''तुम्ही मध्ये पडू नका, बाई.''

''पडन न्हाई त काय करन? माझं गिऱ्हाईक पळून राह्यलं.''

इसाकभाईनं चाक पाण्यातून काढलं, फडक्यानं पुसलं, मशीननं हवा भरली आणि सायकलला बसवून दिलं. पैसे घेतले नाहीत. बाकावर एक मिशावाला शेतकरी मोटरसायकलची ट्यूब घेऊन नंबर लावून बसला होता. तो उठला, त्यानं ट्यूब गुंडाळून काखेत मारली आणि निघून गेला. इसाकभाई त्याच्या पाठीकडे पाहत होता. मीही पाहिलं, आणि मला बरं वाटलं. माझं म्हणणं कोणाला तरी पटलं होतं.

औंढा नागनाथ

औंढ्याला दुसऱ्या दिवशी पोहोचलो. काळ्या दगडाचं देऊळ बाहेरून फिरून पाहायला दोन तास लागतात, इतकं कोरीव काम आहे. हत्ती, नर्तकी, देव, आणि मधूनच एखादं साधं माणूस, बहुतेक कारागिराच्याच ओळखीचं. आत गाभाऱ्यात वाकून, जवळजवळ बसून उतरावं लागतं. सरळ ताठ मानेनं आत जायची सोय नाही. मी वाकलो, डोकं दगडाला लागलं, आणि त्याचाही मला राग आला.

बाहेर प्रसादाच्या दुकानात एका यात्रेकरू कुटुंबाशी गप्पा झाल्या. त्यांना कळमनुरीची गोष्ट सांगितली. मग चहाच्या दुकानात सांगितली. मग रात्री मुक्कामाला, खोलीच्या मालकाला. दर वेळी भोकं थोडी वाढत गेली. ऐकणारे मान डोलवत होते, ''हो, असतात असे लोक,'' म्हणत होते, आणि कोणी विचारलं नाही की तुम्ही डोळ्यांनी पाहिलं का.

सकाळी उठलो तर मागच्याबरोबर पुढचं चाकही जमिनीला टेकलेलं. त्या चाकाला तर इसाकभाईनं हातही लावला नव्हता. इथे कोणाही शहाण्या माणसाला शंका आली असती. मी काय ठरवलं? माझं लक्ष नसताना त्यानं तेही टोचलं असेल. राग धरून ठेवायचा तर डोकं किती चालवावं लागतं, ते मला तेव्हा कळायला हवं होतं.

साखरा

साखऱ्याला देवराव आणि इंदूबाई राहतात. देवराव ठिबक सिंचनाचं सामान घ्यायला माझ्या दुकानी आले होते, तेव्हापासूनची ओळख. कोरडवाहू शेती, त्यात विहिरीच्या पाण्यावर थोडी हळद. गेलो तेव्हा हळद शिजवायचं काम चालू होतं. कढईतून वाफ उठत होती आणि साऱ्या शिवारात एक कडवट, ओला, मातीचा वास भरला होता. जेवायला ज्वारीची भाकरी, वरण, ठेचा. आमच्याकडे भाकरी थापली की पाहुण्याला विचारतात, अजून एक वाढू का? इंदूबाईंनी विचारलंच नाही. ताट रिकामं दिसलं की भाकरी पडायची.

जेवताना मी ती गोष्ट चौथ्यांदा सांगितली. देवरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ''बरं, मंग आता काय करता?''

''नवा टायर आहे माझ्याकडे. सीलबंद. तो चढवतो.''

मागचा जुना टायर उतरवला, नवा चढवला. ट्यूबलेस टायर रिमच्या काठावर बसवायला हवा एकदम जोरात लागते. साबणाचं पाणी लावून हातपंपानं अर्धा तास झटलो. बनियन भिजलं. शेवटी फट् फट् आवाज करत टायर बसला आणि मी विजयी मुद्रेनं ते चाक बैलांच्या हौदात बुडवलं. देवरावांना दाखवायचं होतं, की चांगला टायर कसा असतो.

सोड्याची बाटली पुन्हा उघडली. दोन्ही कडा, बारीक बारीक, अगणित.

मी चाक फिरवलं. सगळीकडे तेच. मीच पाकीट फाडलं होतं, मीच टायर चढवला होता, त्याला आजवर कोणाचा हात लागला नव्हता.

देवराव हौदावर वाकले. ''हे त नव्या माठावानी पाझरून राह्यलं,'' म्हणाले. ''नवा माठ न्हाई का, पयले दोन दिवस साऱ्या अंगातून घामेजते?'' मग माझ्याकडे न पाहता, ''त्या मान्सानं भोकं पाडली म्हनले न तुमी?''

आयुष्यभर गळती शोधून पोट भरलं मी. भिंतीतून पाणी कुठून येतं ते मी ओल पाहून सांगतो. आणि वजन कमी करायला टायरच्या कडांवर रबर अगदी पातळ ठेवलंय, ते मुळातच झिरपणार, ते बुजवायलाच ते पांढरं औषध आहे, ही एवढी साधी गोष्ट दोन महिने मला एक माणूस फोनवर सांगत होता. मी अर्ध्या बाटलीत भागवलं. शिवाय घरी सायकल भिंतीवर हुकाला टांगत होतो. होतं तेवढं औषध तळाशी साचत होतं, कडांना लागतच नव्हतं.

बाटली फोडली. नव्या टायरात अख्खी ओतली आणि बादलीवर चाक आडवं ठेवलं. इंदूबाई येता-जाता ते भाकरीसारखं उलटत होत्या, दर वेळी एक हिसका देऊन. ''हे बाजू भाजली, आता ती,'' म्हणाल्या. कडांवर दुधासारखे, टाचणीच्या डोक्याएवढे थेंब आले आणि सुकले. पुढच्या चाकासाठी जुन्या टायरातलं उरलेलं औषध काढून वळवलं आणि तेही असंच उलटंपालटं केलं. सकाळी दोन्ही चाकं दगडासारखी टणक होती. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

देवराव म्हणाले, ''आता हिंगोलीहून गाडी पकडता का?'' मी म्हणालो, ''कळमनुरीला जाऊन येतो.'' ते एवढंच म्हणाले, ''जा.''

पुन्हा कळमनुरी

त्या दिवशी बाजार नव्हता. मैदानात दोन शेळ्या आणि भाजीचा वाळलेला पाला. मला आधी सुटल्यासारखं वाटलं, की चला, गर्दी नाही. मग कळलं की हीच अडचण आहे.

इसाकभाई एकटेच बसले होते. पिंपातलं पाणी स्थिर होतं. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. नवा टायर, हौद, बुडबुडे, औषध. म्हणालो, ''चूक माझी होती. मी तुम्हाला जे बोललो ते फार वाईट बोललो. ते 'तुम्ही लोक' म्हणालो, तेही.''

मी मागचं चाक काढून दिलं. त्यांनी ते हातात घेतलं, कडेवरचे सुकलेले पांढरे ठिपके नखानं चाचपले, वाकून वास घेतला. ''अच्छा,'' म्हणाले. ''रबराचा चीक हाय. हे मला म्हाईत नव्हतं. चांगली चीज हाय.'' मग चाक माझ्याकडे देत म्हणाले, ''मला काहून सांगून राह्यले, साहेब? म्या भोकं पाडली न्हाईत, हे मला त त्या दिवशीच ठाऊक व्हतं.''

गंगाबाई पलीकडून ऐकत होत्या. ''बोलले तवा पाचशे मान्सं व्हते,'' त्या म्हणाल्या. ''अन् माफी ऐकाले दोन बकऱ्या.''

''मी पुढच्या बाजाराला येतो. पायरीवर उभा राहून सांगतो.''

''कोनाले सांगसान? ते मान्सं काय तुमची वाट पाहून राह्यले? आपापल्या गावी गेले, तिथं सांगत बसले असतीन.''

''राहू दे, गंगाबाई,'' इसाकभाई म्हणाले. ''चूक माझीबी हाय. चाळीस सालात अब्बाचा रिवाज म्या मोडला न्हाई. त्या दिवशी यायनी घाई केली, अन् म्या एकट्यानं चाक पान्यात घातलं.''

माझ्या अरेरावीचा दोषही तो माणूस स्वतःच्या अंगावर घेत होता. मला ते शिव्यांपेक्षा जड गेलं. मी विचारलं, ''तो मिशावाला, ट्यूब घेऊन गेला तो, परत आला का?''

इसाकभाईंनी नकारार्थी मान हलवली. सांगायचं त्यांच्या मनात नव्हतं. तो कोण, कुठला ते गंगाबाईंनी सांगितलं. माधवराव. नांदेडच्या रस्त्यानं गेलं की डाव्या हाताला कच्चा रस्ता, शेवटाला वस्ती, दारात मोठी चिंच.

''जाऊ नका,'' इसाकभाई म्हणाले. ''त्याला वाटंल म्याच धाडलं.''

चिंचेखालची वस्ती

तरीही गेलो. कच्च्या रस्त्यावर सगळे अणकुचीदार खडे होते, बाभळीचे काटे होते. चाकं अशी चालली की मित्रांना सांगावं. पोहोचलो तेव्हा माधवराव झोडपलेल्या तुरीचा भुसा वाऱ्यावर उधळत होते. त्यांनी मला लगेच ओळखलं. पाणी दिलं, बाज टाकली, मग विचारलं, ''काय काम काढलं?''

मी सगळं पुन्हा सांगितलं. चाक दाखवलं. कडेवरचे ठिपके दाखवले. अंगणातल्या टाकीत बुडवून दाखवलं, एकही बुडबुडा आला नाही. आयुष्यात मी इतका जीव तोडून कोणाला काही पटवून दिलं नव्हतं, आणि या वेळी मला त्यातून काही मिळवायचं नव्हतं.

माधवरावांनी पुन्हा मूठभर भुसा हातात घेतला.

''सोळा-सतरा वर्सं झाले, मी त्याच्याचकडं जातो,'' ते म्हणाले. ''माझ्या पोरीच्या लग्नात मांडवात जेवला तो. त्या दिवशी तुमी बोलले तवा मला वाटलं, उठावं अन् म्हनावं, ओ साहेब, हा मानूस तसा न्हाई.''

''मग का नाही म्हणालात?''

''तुमी लई ठासून बोलले. कपडे चांगले, सायकल लाखाची. वाटलं, एवढा मानूस एवढं वरडतो, काहीतरी असंल. अन् मग मी मागचं आठवू लागलो. कोनत्या साली माझी ट्यूब दोनदा पंक्चर झाली होती, ते.'' त्यांनी हातातला भुसा खाली टाकला. ''तीन दिवस तेच आठवून राह्यलो. सापडलंबी एक. चार सालामागचं.''

''पण ते तसं नसेल हो.''

''नसंल. तुमी आता सांगता त नसंलच. पन ते आता डोक्यातून जात न्हाई न.''

मी विचारलं, ''तुम्ही जाल ना त्यांच्याकडे?''

''जाईन,'' ते म्हणाले. मग मान खाली घालून, ''पन पयले जायचो तवा पिंपाकडं न पाहता चहा प्यायचो. आता पाहीन. त्यालाबी कळन, मी पाहून राह्यलो म्हनून.''

चहा आला. गुळाचा, काळा, फार चांगला होता. त्यांनी दुसरा कपही भरला आणि मी नको म्हणालो नाही. निघताना त्यांनी माझ्या टायरला अंगठ्यानं दाबून पाहिलं आणि कौतुकानं म्हणाले, ''एकदम टाइट बसली हवा.''

मी हो म्हणालो आणि निघालो. हिंगोलीपर्यंत एकदाही पंप मारावा लागला नाही.